बर्फावर थांबायला शिकले तेव्हा

हे गेले त्याच्या पुढच्या जानेवारीत ह्यांच्या ऑफिसातल्या एका गृहस्थांचा फोन आला. दर फेब्रुवारीत ऑफिसातले पंचवीस-तीस जण चार दिवस आल्गॉयच्या डोंगरात स्कीइंगला जात, आणि त्या सहलीच्या बसचं सगळं ते बघत. आधी त्यांनी माझी चौकशी केली, मग मुलाची. मग घसा साफ करून म्हणाले की तुमच्या यजमानांची बसमधली जागा, तिसऱ्या रांगेतली खिडकीची, आम्ही अजून कुणाला दिलेली नाही. मुलाला यायचं असेल तर त्याने यावं.

"मुलगा नाही, मी येते," मी म्हणाले.

मग ते म्हणाले, "या. गेनाऊ. गेर्ने." असा जर्मनमधल्या तीन शब्दांत तीनदा होकार देऊन त्यांनी फोन ठेवला.

मी असं का म्हणाले ते मला तेव्हाही सांगता आलं नसतं. त्या वर्षात मी सगळ्यालाच हो म्हणत होते. विम्याच्या माणसाने इथे सही करा म्हटलं, केली. बहिणीने पुण्याहून फोन करून महिनाभर राहायला ये म्हटलं, गेले. महिना संपला तशी परत आले. हे मार्चमध्ये गेले, सकाळी कामावर निघताना, गाडीच्या काचेवरचं बर्फ खरवडत असताना. मी स्वयंपाकघरात डबा भरत होते. खरवडण्याचा आवाज थांबला म्हणून बाहेर बघितलं तर हे गाडीला टेकून खाली बसलेले होते. त्यानंतरच्या उन्हाळ्यात इथे फुटबॉलचा विश्वचषक झाला. बॉबलिंगेनच्या आमच्या रस्त्यावर प्रत्येक गाडीला झेंडे लागले होते, लोक रात्रभर हॉर्न वाजवत होते. त्या उन्हाळ्यातलं मला एवढंच आठवतं. मी रडले नव्हते. लोक म्हणायचे, फार खंबीर आहे. त्यावर मी चहा टाकायला उठायची.

मी तेव्हा त्रेपन्न वर्षांची होते. उंची पाच फूट एक इंच, वजन चौऱ्याण्णव किलो. पुण्यात बी. फार्म. केलेलं होतं, त्यामुळे इथे एका आपोटेकेत, म्हणजे औषधांच्या दुकानात, काउंटरवर नोकरी मिळाली होती. दिवसभर उभी राहून मी लोकांना गुडघ्यांची मलमं देत असे आणि संध्याकाळी घरी येऊन तेच मलम स्वतःच्या गुडघ्यांना लावत असे.

हे अठरा हिवाळे स्कीइंगला गेले. पहिल्या वर्षी मी म्हणाले होते की मीही येते. मुलगा तेव्हा तीन वर्षांचा होता, पण शेजारीण त्याला सांभाळायला तयार होती. हे म्हणाले, "तुला नाही झेपायचं. गुडघे जातील." माझं वजन तेव्हा अठ्ठ्याहत्तर होतं. ह्यांचं पोटही काही लहान नव्हतं, पण मी पुन्हा विचारलं नाही. दर फेब्रुवारीत मी बेसनाच्या लाडवांचा मोठा डबा भरून द्यायची, तो रिकामा परत यायचा. हे उन्हाने भाजलेला चेहरा घेऊन यायचे आणि पुढे कितीतरी दिवस सांगत राहायचे. तिथल्या उतारांना रंग असतात, सोपा तो निळा, कठीण तो तांबडा, फारच कठीण तो काळा. ह्यांच्या बोलण्यात काळाच उतार असे. श्टुटगार्टच्या मंडळाच्या गणपतीत जेवणानंतर बायका भांडी आवरत असायच्या आणि पुरुष ह्यांच्याभोवती बसून ऐकत असायचे. बर्फ कसं काचेसारखं झालं होतं, वळण कसं हुकलं, कसे वाचलो.

जायचं ठरल्यावर मी केलरमध्ये, तळघरातल्या आमच्या खोलीत, गेले. ह्यांच्या स्की पिशवीत उभ्या ठेवलेल्या होत्या, सहा-सात वर्षांपूर्वी घेतलेल्या. त्या मला लांब पडणार हे दिसतच होतं, तरी न्यायचं ठरवलं. ह्यांचं निळं जाड जाकीट मला बरोबर बसलं. त्याच्या डाव्या बाहीवर कोपराजवळ हिरव्या कापडाचं ठिगळ होतं. काळ्या उतारावर पडलो तेव्हा फाटलं, तिथल्या एका बाईने शिवून दिलं, असं ह्यांनी सांगितलेलं होतं. विजार मात्र नवीन घ्यावी लागली. बायकांच्या विभागात माझ्या मापाची स्कीची विजार नव्हती, म्हणून पुरुषांची सगळ्यात मोठी घेतली आणि खालून वीतभर कापून हाताने दुमडली. आतल्या बाजूला बर्फ शिरू नये म्हणून लवचिक पट्टी असते, ती उसवून परत वर शिवायला दोन संध्याकाळी गेल्या. बरं वाटलं असं म्हणता येणार नाही. पण त्या दोन संध्याकाळी कशा गेल्या ते कळलं नाही.

मुलगा आखनला इंजिनिअरिंग शिकत होता. त्याला फोनवर सांगितलं. मी मराठीत बोलते, तो जर्मनमध्ये उत्तर देतो, आमचं असंच चालतं. तो म्हणाला की तुला कुणाला काही सिद्ध करून दाखवायची गरज नाही. मी म्हटलं, मी काही सिद्ध करत नाहीये, मी बसमध्ये बसणार आहे.

बस गुरुवारी पहाटे निघाली. सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलत होते. तिसऱ्या रांगेत खिडकीशी मी बसले, शेजारची जागा कुणी घेतली नाही. उल्म गेलं, केम्प्टन गेलं, आणि उजाडलं तेव्हा बाहेर सगळं हिरवं-तपकिरी होतं. त्या वर्षी बर्फ पडलंच नव्हतं. डोंगरपायथ्याला उतरलो तेव्हा पिवळ्या गवतामधून यंत्राने फवारलेल्या बर्फाचा एकच पांढरा पट्टा वर गेलेला दिसत होता.

स्की भाड्याने देणाऱ्या दुकानात फॉर्म भरावा लागतो. काउंटरवरच्या मुलीने वय विचारलं, उंची विचारली, मग वजन विचारलं. ऑफिसची मंडळी माझ्या मागे रांगेत उभी होती. मी "चौऱ्याण्णव" म्हणून सांगितलं, नेहमीच्या आवाजात. एरवी मी डॉक्टरकडेसुद्धा चार-पाच किलो कमी सांगणारी बाई. पण त्या दिवशी ते करावंसं वाटलं नाही. बूट आणि स्की यांच्यामधला खटका ह्या आकड्यावर लावतात, असं मुलीने सांगितलं. आकडा खोटा असला तर पडल्यावर स्की पायातून सुटत नाही आणि पाय मोडतो.

बूट हा वेगळाच प्रकार होता. स्कीचा बूट प्लॅस्टिकचा, नडगीच्या अर्ध्यापर्यंत येणारा, त्याला चार बकलं. माझ्या पोटऱ्यांवर वरची दोन बकलं लागेनात. दुकानातला माणूस माझ्यासमोर गुडघ्यांवर बसून जोर लावत होता, त्याच्या कपाळावर घाम आला. तीन जोड झाले. शेवटी त्याने आतून एक लोखंडी पट्टी आणून बकलाची लांबी वाढवली आणि बूट मिटला. दुखत होतं, पण ते दुखणं दुसऱ्या कुणाच्या पायात असल्यासारखं लांबून येत होतं. जाताना मी ह्यांच्या स्की त्याच्यापुढे ठेवल्या, म्हटलं, कुणाला उपयोग होत असेल तर ठेवून घ्या. त्याने त्या उलट्या करून कडेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, ह्या तर जवळजवळ नव्याच आहेत. मी म्हटलं, नाही, पुष्कळ वापरलेल्या आहेत. त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि स्की भिंतीला लावून ठेवल्या.

नवशिक्यांचं मैदान डोंगराच्या मध्यावर होतं. केबलच्या डब्यातून वर जायचं. वर एक लाकडी ह्यूट होती, खाण्यापिण्याची जागा, आणि तिच्यापुढे हा लांब, हलका उतार. ऑफिसची मंडळी तिथून दुसऱ्या लिफ्टने आणखी वर निघून गेली. मी खाली राहिले. आम्हाला शिकवायला गावातली एक बाई होती, साठी ओलांडलेली, रुंद हाडांची, घरी गाई असलेली. पहिल्याच मिनिटाला तिने सगळ्यांना 'दू' म्हणून, एकेरीत, हाक मारली. आपोटेकेच्या मालकिणीशी मी सतरा वर्षं अहोजाहो करत होते.

आम्ही पाच जण होतो. दोन कॉलेजच्या मुली, एक नवरा-बायको तिशीतली, आणि मी. बाईने आधी पडायला शिकवलं. मागे नाही, बाजूला पडायचं, कुल्ल्यावर. ते मला लगेच जमलं. मग उठायला शिकवलं. स्की उतारावर आडव्या ठेवायच्या, गुडघे छातीशी आणायचे आणि हाताने रेटा देऊन उभं राहायचं. बाकीचे चौघं उठले. माझे गुडघे छातीशी येत नव्हते, मधे पोट होतं. मी रेटा दिला की स्की पुढे सरकायच्या आणि मी पुन्हा आडवी. बर्फ हातमोज्यात गेलं, जाकिटात गेलं. शेजारच्या कुंपणात चार-चार वर्षांची पोरं स्कीचं त्रिकोणी टोक करून थांबत होती, त्यांची शिक्षिका ओरडत होती, "पिझ्झा कर, पिझ्झा!" एका पोराने थांबून माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे बघितलं. लाज वाटायला हवी होती.

बाई माझ्याजवळ आली. तिने हात दिला नाही. म्हणाली, ह्या पद्धतीने तू उठणार नाहीस, दुसरी आहे. काठीच्या टोकाने वरच्या पायाच्या टाचेमागचा खटका दाबायचा, तो पाय स्कीतून मोकळा करायचा, त्या गुडघ्यावर बसायचं, आणि मग देवापुढून उठतो तसं उठायचं. देवाचं तिने म्हटलं नाही, ते माझं. मग बुटाच्या तळाचं बर्फ झटकून स्की पुन्हा चढवायची. पहिल्या दिवशी मी अकरा वेळा पडले आणि अकरा वेळा हे सगळं केलं. अकराव्या वेळी मोजून पंचेचाळीस सेकंदांत उठले असं बाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी नांगर शिकवला. स्कीची पुढची टोकं जवळ, मागची लांब, टाचा बाहेर दाबायच्या, म्हणजे वेग कमी होतो. त्याला ते लोक बर्फाचा नांगरच म्हणतात. मला वाटलं होतं त्यापेक्षा ते लवकर आलं. बाई म्हणाली, जड माणसाची स्की बर्फाला चांगली धरते, हलकी माणसं भिरभिरतात. वजन कुठल्या पायावर आहे एवढं बघ. डाव्यावर टाकलंस की उजवीकडे वळशील. मी टाकलं, वळले. मांड्या पेटल्यासारख्या झाल्या. बाकीचे चौघं घाबरून किंचाळत होते, हसत होते. मी गप्प खाली जात होते आणि थाळीसारख्या लिफ्टला धरून वर येत होते. त्या थाळीवर बसायचं नसतं, ती नुसती मागून ढकलते. मी दोनदा बसले आणि दोनदा लिफ्ट बंद करावी लागली.

जेवणाआधी बाई मला बाजूला घेऊन म्हणाली, "तुला भीती वाटत नाही. हे चांगलं नाही. नवीन माणसाला भीती वाटली नाही तर तो ब्रेक लावत नाही."

मी मान हलवली.

दुपारी तसंच झालं. मैदानाच्या शेवटी नारिंगी जाळी होती, तिच्यापलीकडे ओढ्याची घळ. मी वरून सुटले, स्की सरळ होत्या, नांगर करायला हवा होता. बाई खालून ओरडत होती ते ऐकू येत होतं. टाचा बाहेर दाबायच्या, हे आठवत होतं. पायांत ताकदही होती. मी जाळीकडे बघत राहिले. ती मोठी होत होती, नारिंगी, तिचे चौकोन दिसायला लागले. मी विचार केला नाही की मरावं. असं काही मनात नव्हतं. थांबावं असंही नव्हतं, एवढंच.

जाळीने मला घेतलं. दोन्ही स्की खाडकन सुटून बाजूला उडाल्या, मी गालावर पडले, आणि जाळीसकट ओढ्याच्या बाजूला लोंबकळत राहिले. बाई धावत आली. आधी तिने मान, हात, पाय बघितले. काही मोडलं नव्हतं, गालाची सालं निघाली होती. मग माझ्याशेजारी ती बर्फात बसली. तिला धाप लागली होती.

"तुला येतं ना थांबायला," ती म्हणाली. "मी सकाळी बघितलंय. मग का नाही थांबलीस?"

"लक्षात आलं नाही," मी म्हणाले.

ती माझ्याकडे बघत राहिली. हे खोटं आहे हे तिला दिसत होतं आणि मलाही. मग मी म्हणाले, "माझे यजमान मार्चमध्ये गेले." कुणी न विचारता हे वाक्य मी पहिल्यांदाच उच्चारलं असेल. जर्मनमध्ये ते अगदी छोटं वाक्य होतं.

तिने सांत्वन केलं नाही. थोडा वेळ ती हातमोज्यावरचं बर्फ काढत बसली. मग म्हणाली की आज पुरे. ह्यूटमध्ये जाऊन काहीतरी गरम पी. उद्या ये. उद्या मी तुला फक्त थांबायला शिकवीन, दुसरं काही नाही.

ह्यूटमध्ये दुपारची गर्दी ओसरली होती. भिंतीशी खोली तापवायची, बाहेरून फरशा लावलेली मोठी शेगडी होती. काउंटरमागे एक सत्तरीच्या बाई कप पुसत होत्या, त्यांचा मुलगा आत स्वयंपाक बघत होता. मी चहा मागितला. त्यांनी कप ठेवला आणि माझी डावी बाही धरली. ठिगळावरून बोट फिरवलं.

"हे मी शिवलंय," त्या म्हणाल्या. "इंजिनिअर साहेबांचं जाकीट. शेगडीला टेकून झोपले होते, बाही जळली."

त्यांनी माझा चेहरा नीट बघितला, मग विचारलं, ते लाडू करणाऱ्या तुम्हीच का? लाडू म्हणायला त्यांनी 'त्या गोल गोड गोळ्या' असं काहीतरी म्हटलं. मी हो म्हटलं. ह्यांची बातमी त्यांना ठाऊक नव्हती. मी सांगितली. त्यांनी कपडा खाली ठेवला, काउंटरमागून बाहेर आल्या आणि मला खिडकीजवळच्या टेबलाशी नेऊन बसवलं. म्हणाल्या, हे त्यांचं टेबल.

मग त्यांनी सांगितलं ते असं. पहिल्या वर्षी हे दुसऱ्याच दिवशी पडले आणि गुडघा मुरगळून घसरगाडीवरून खाली आणले गेले. पुढच्या वर्षी आले, स्की घेऊन वर आले, स्की दाराबाहेर बर्फात रोवल्या आणि आत येऊन बसले. त्यानंतर दर वर्षी तसंच. सकाळी नऊला मंडळींबरोबर वर यायचं, चारला मंडळींबरोबर खाली जायचं. मधल्या वेळात ते म्हाताऱ्या मालकांबरोबर, म्हणजे बाईंच्या यजमानांबरोबर, पत्ते खेळायचे. म्हातारे गेल्यावर बाईंना बटाटे सोलू लागायचे. दुपारी बाहेर ओट्यावर उन्हात खुर्ची टाकायचे. दुर्बीण असायची. काळ्या उतारावरून कोणी खाली आलं की त्याला चहा पाजून विचारायचे, कसं होतं, बर्फ कसं होतं, कुठे हुकलं. आणि लाडू इथे संपायचे. म्हाताऱ्यांना फार आवडायचे.

मी चहा प्याले. खिडकीतून सगळा डोंगर दिसत होता, वरून येणारा काळा उतारही, त्याच्यावर किडामुंगीएवढी माणसं. अठरा वर्षं. मला राग आला नाही. हसू आलं नाही. डोक्यात एवढंच आलं की बटाटे सोलायला घरी कधी बसले नाहीत.

मग मी विचारलं, "माझ्याबद्दल कधी काही बोलायचे का?"

बाईंनी आठवून बघितलं. "एकदा मी त्यांना म्हटलं होतं, बायकोला का आणत नाही. तर म्हणाले, ती आली तर दोन दिवसांत शिकेल. मग मी काय करू?"

हे खरंच म्हणाले असतील का, मला माहीत नाही. विधवेला लोक चांगलं ते सांगतात. मीसुद्धा काउंटरवर सांगते, त्यांना शेवटी दुखलं नसेल हो, असं. पण बाई घाईने बोलल्या नव्हत्या, आणि मी विचारलं नसतं तर बोलल्याही नसत्या.

संध्याकाळी जेवताना बसच्या गृहस्थांच्या शेजारी मला जागा होती. मी त्यांना विचारलं की तुम्हाला ठाऊक होतं का. त्यांनी सुरी-काटा ताटात ठेवला. सगळ्यांना ठाऊक होतं, ते म्हणाले. त्यांनी आम्हाला सांगू नका म्हटलं होतं, म्हणून आम्ही सांगितलं नाही. थोड्या वेळाने म्हणाले की पहिल्या वर्षी पडले तेव्हा ते फार घाबरले होते, पण यायचं सोडलं नाही. "यायला त्यांना आवडायचं," ते म्हणाले. एवढं बोलून त्यांनी बटाट्याचं सॅलड माझ्याकडे सरकवलं.

तिसऱ्या दिवशी शिक्षिकेने मला खरंच दुसरं काही करू दिलं नाही. तीन मीटर जायचं, थांबायचं. पाच मीटर, थांबायचं. बर्फात तिने तिची टोपी ठेवली, टोपीच्या अलीकडे थांबायचं. मी टोपीवरून गेले, पुन्हा गेले, तिसऱ्यांदा अलीकडे थांबले. नडग्या बुटाच्या कडेने काळ्यानिळ्या झाल्या होत्या. संध्याकाळी विजार काढून बघितल्या, तर दोन्ही पायांवर बकलांचे चौकोन उमटलेले. दाबून बघितलं. दुखलं, आणि ह्या वेळी ते माझ्याच पायात दुखलं.

शेवटच्या दिवशी, रविवारी, बाई मला खुर्चीच्या लिफ्टमधून निळ्या उतारावर घेऊन गेली, एकटीला. बाकीचे चौघं शनिवारीच जाऊन आले होते. वर वारा होता. पांढरा पट्टा खाली जात होता, दोन्ही बाजूंना मातकट गवत, मधेच वळण, आणि वळणापलीकडे काय आहे ते दिसत नव्हतं. खाली ह्यूटचं छप्पर काडेपेटीएवढं. मी कडेशी आले आणि माझे गुडघे थरथरायला लागले. थंडीने असेल म्हणून मी ते हाताने दाबून धरले, थांबेनात. मला खाली जायचं नव्हतं. मला आत्ताच्या आत्ता खुर्चीत बसून परत जायचं होतं. पडेन, पाय मोडेल, मुलगा आखनला एकटा, मी इथे हॉस्पिटलात.

"मला भीती वाटते," मी म्हणाले.

"गेनाऊ, बरोबर," बाई म्हणाली. ती खूष झाली होती. मग ती माझ्यापुढे उलटी, पाठीच्या दिशेने घसरत निघाली, माझ्याकडे तोंड करून, आणि मी तिच्या टोपीकडे बघत निघाले.

इतर लोकांना तो उतार चार-पाच मिनिटांचा. आम्हाला पन्नास मिनिटं लागली. मी प्रत्येक वळणाआधी थांबले. कधी दहा मीटरवर थांबले, कधी दोन. मांड्या इतक्या थरथरायच्या की उभं राहूनच श्वास घ्यावा लागे. चार वेळा पडले, चार वेळा खटका दाबून, गुडघ्यावर बसून उठले. एका जागी बर्फ इतकं पातळ होतं की खालचे दगड स्कीला घासले. एक तरुण माणूस सर्रकन जवळून गेला आणि मी त्याला मराठीत शिवी दिली. ती शिवी मी आयुष्यात कधी उच्चारली नव्हती. बाईने विचारलं काय म्हणालीस, मी म्हटलं, सावकाश जा म्हणाले. खाली ह्यूटशी पोचले तेव्हा माझ्या अंगावरचं सगळं घामाने भिजलं होतं. भीती मैदानाला पाय लागेपर्यंत होती आणि नंतरही बराच वेळ होती. ती गेल्यावर तिच्या जागी दुसरं काही आलं नाही. नुसती भूक लागली. मी सूप आणि दोन ब्रेड खाल्ले.

निरोप घेताना शिक्षिकेने माझा हात हातात घेऊन तो जोरात हलवला, आणि पुढच्या गटाकडे निघून गेली. ह्यूटच्या बाईंनी रिकामा डबा आहे का विचारलं. मी डबा आणलाच नव्हता, ह्या वर्षी लाडू करायचे सुचलेच नव्हते.

घरी आल्यावर आठवडाभर मी जिना उलटी उतरत होते, कठडा धरून, तोंड पायऱ्यांकडे करून. आपोटेकेत मालकीणबाईंनी गालाचं विचारलं. स्कीइंगला गेले होते म्हटल्यावर त्यांनी मला वरून खालपर्यंत बघितलं. मग त्यांनी मागच्या खोलीतून स्टूल आणून काउंटरमागे ठेवलं. तेव्हापासून गिऱ्हाईक नसेल तेव्हा मी बसते.

मार्चमध्ये वर्षश्राद्धाला मुलगा आखनहून आला. विधी पुण्यात दिरांनी केले, इथे आम्ही दोघंच होतो. मी वरण-भात, आमसुलाचं सार, कोशिंबीर, खीर, सगळं ह्यांच्या आवडीचं केलं. जेवताना मी त्याला ह्यूटचं सगळं सांगितलं. शेगडी, पत्ते, बटाटे, दुर्बीण. बाई काय म्हणाल्या तेही सांगितलं, खरं असेल नसेल असंही सांगितलं. तो खाली बघून जेवत होता. मग त्याने जर्मनमध्ये विचारलं, अठरा वर्षं तिथे बसून बाबांना कंटाळा नाही यायचा?

मला ते विचारायचं सुचलंच नव्हतं. तसं मी त्याला सांगितलं. म्हटलं, पुढच्या वर्षी जाईन तेव्हा विचारीन.

त्याने मान डोलावली, ताटातली कोशिंबीर संपवली आणि आणखी थोडी घेण्यासाठी वाटी पुढे केली.